मीटरचे प्रामाण्य

शाळेच्या पुस्तकात प्रकाशाचा वेग सेकंदास तीन लक्ष किलोमीटर असा दिलेला असतो. विद्यार्थी तो पाठ करतो आणि आयुष्यभर तोच लक्षात ठेवतो. महाविद्यालयात गेल्यावर त्याला कळते की हा आकडा सोयीसाठी थोडा वाढवून घेतलेला आहे; खरा आकडा २९,९७,९२,४५८ मीटर असा आहे. येथवर नवल करण्यासारखे काही नाही. नवल पुढेच आहे. हा दुसरा आकडा सर्वस्वी अचूक मानलेला आहे. उद्या कितीही सूक्ष्म उपकरण निघाले तरी त्यातील शेवटच्या आठाचा नऊ व्हावयाचा नाही. मोजून काढलेल्या कोणत्याही राशीविषयी असे म्हणता येत नाही. मोजणी म्हटली की थोडे अधिक-उणे आलेच. मग ही राशी मोजलेली नाही काय? आणि ती कोणी ठरविलेली असेल, तर ठरविणारांनी सरळ तीस कोटी हा आकडा का घेतला नाही?

आम्ही पदार्थविज्ञानाचे पंडित नव्हे. शब्दांच्या आणि इतिहासाच्या वाटेने जाता जाता हा प्रश्न आम्हांस भेटला, आणि त्याचे उत्तर इतिहासातच आहे असे दिसून आल्यामुळे तो येथे मांडीत आहोत.

संस्कृतात ‘मा’ हा मोजणे या अर्थाचा धातू आहे. मात्रा, परिमाण, अनुमान, प्रमाण हे शब्द त्यापासून निघाले. त्यांतील ‘प्रमाण’ हा शब्द आपण मराठीत दोन अर्थांनी वापरतो. भाजीतले मिठाचे प्रमाण आपण पाहतो आणि वडिलांचा शब्द प्रमाण मानतो. पहिल्या ठिकाणी माप आहे, दुसऱ्या ठिकाणी अधिकार आहे. ज्याने मोजावयाचे ते स्वतः कशाने सिद्ध झाले, हा प्रश्न या एका शब्दातच दडलेला आहे. मीमांसकांनी ज्ञानाचे प्रामाण्य स्वतःसिद्ध मानले. ते दुसऱ्या कशाने तरी पडताळून घ्यावे लागते असे नैयायिकांचे म्हणणे. हा शास्त्रार्थ ज्ञानाविषयीचा खरा, परंतु तराजूतल्या वजनालाही तो किती चपखल बसतो हे पुढे दिसेल.

जुन्या काळी मापांचे प्रामाण्य राजाकडे, गावाकडे किंवा पेठेकडे असे. अंगुळ, वीत, हात ही मापे माणसाच्या शरीरावरून आली, आणि माणसे लहानमोठी असल्यामुळे ती मापेही तशीच राहिली. सोनाराने गुंजेचे बी घेतले. ते पुष्कळसे एकसारख्या वजनाचे असते म्हणून आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा असे कोष्टक बसले. धान्याची मापे निराळी. कोळवे, चिपटे, मापटे, शेर, पायली या मालिकेत चार शेरांची पायली आणि बारा पायल्यांचा मण हे कोष्टक घरोघर पाठ असे; पण एका पेठेतली पायली दुसऱ्या पेठेतल्या पायलीएवढी असेलच याची हमी कोणी देत नसे. त्यात पुन्हा शिगेचा प्रश्न. माप काठोकाठ भरून वर हात फिरवावयाचा, की वर शीग चढवावयाची? शीग चढवून घेणारा आणि शीग मोडून देणारा सावकार कायद्याने खोटे माप वापरीत नसे. माप एकच, लबाडी फक्त हाताची.

राजेही या बाबतीत निर्लेप नव्हते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात द्रोण या मापाचे चार प्रकार सांगितले आहेत. राजाचा कर भरून घ्यावयाचा द्रोण दोनशे पलांचा, व्यवहारातला एकशे साडेसत्याऐंशी पलांचा, नोकरचाकरांना धान्य वाटावयाचा एकशे पंचाहत्तर पलांचा आणि अंतःपुरात द्यावयाचा एकशे साडेबासष्ट पलांचा. घेताना मोठे माप आणि देताना लहान, हे येथे शास्त्र म्हणून नोंदलेले आहे. कौटिल्याच्या स्पष्टवक्तेपणाचे आम्हांस नेहमीच कौतुक वाटत आले आहे. पुष्कळ राज्यांनी हेच केले, पण लिहून ठेवले नाही.

फ्रान्समध्ये १७८९ साली राज्यक्रांतीच्या तोंडावर गावोगावच्या लोकांनी आपल्या तक्रारींच्या याद्या लिहून पाठविल्या. त्यांत जमीनदारांच्या मापांविषयीचे गाऱ्हाणे पुनःपुन्हा येते. खंड वसूल करण्याचे माप मोठे, शिवाय त्यावर शीग. आणि दर मुलखाचे माप वेगळे. साऱ्या देशात एकच माप असावे अशी मागणी अनेक याद्यांत आहे. क्रांतीतून जी मीटरपद्धती निघाली तिचे मूळ शास्त्रज्ञांच्या हौसेत जितके आहे तितकेच या शेतकऱ्यांच्या चिडीत आहे. आमच्या मते ते तेथे अधिक आहे.

परंतु एकच माप म्हणजे कोणाचे? पॅरिसचे माप साऱ्या देशावर लादले तर ती पुन्हा राजाचीच रीत झाली. तेव्हा कोणाच्याही मालकीचे नाही असे माप निसर्गातून घ्यावे असे ठरले. १७९० साली तालेराँ याने लंबकाची सूचना केली: ज्या लंबकाचा एक झोका बरोबर एका सेकंदाचा, त्याची लांबी हे माप. सूचना सोपी होती, परंतु तिला एक जुनी अडचण होती. १६७२ साली रिशे हा ज्योतिषी विषुववृत्ताजवळच्या कायेन येथे गेला असता त्याचे लंबकाचे घड्याळ दिवसाकाठी सुमारे अडीच मिनिटे मागे पडू लागले, आणि लंबक आखूड केल्यावाचून ते ताळ्यावर येईना. म्हणजे लंबकाची लांबी स्थळपरत्वे बदलते. शिवाय सेकंद हे माप तरी निसर्गाचे कोठे आहे? १७९१ च्या मार्च महिन्यात विज्ञान अकादमीने लंबक बाजूला ठेवला आणि उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोट्यंश म्हणजे एक मीटर असे ठरविले. पृथ्वी सर्वांची आहे, तेव्हा पृथ्वीचे माप सर्वांचे होईल, हा त्यामागचा विचार होता.

ध्रुवापर्यंत कोणी जाऊ शकत नव्हते. म्हणून पॅरिसवरून जाणाऱ्या याम्योत्तर वृत्ताचा डंकर्क ते बार्सिलोना एवढा तुकडा मोजून त्यावरून बाकीचे गणित करावयाचे होते. १७९२ च्या जूनमध्ये दोन ज्योतिषी निघाले. उत्तरेकडचा भाग दलांब्र याच्याकडे, दक्षिणेकडचा मेशें याच्याकडे. डोंगरमाथे आणि देवळांचे मनोरे यांवरून त्रिकोण बांधीत जावयाचे, कोन मोजावयाचे, आणि दोन्ही टोकांना ताऱ्यांवरून अक्षांश काढावयाचे, अशी पद्धत होती. काम एका वर्षात संपेल असा अंदाज होता. त्याला सात वर्षे लागली. दुर्बिणी घेऊन मनोऱ्यांवर चढणारी माणसे शत्रूची हेर आहेत असे समजून गावकऱ्यांनी दलांब्रला अडवून ठेवले. राजाच्या सहीचे परवाने राजाच गेल्यावर उलट घातक ठरले. १७९३ साली अकादमीच बंद करण्यात आली. नव्या मापांच्या कामात ज्याचा मोठा वाटा होता तो लाव्हाझिए १७९४ च्या मे महिन्यात गिलोटिनखाली गेला.

मेशेंची गोष्ट याहून निराळी आहे, आणि आम्हांस हा सारा इतिहास सांगावासा वाटला तो मुख्यतः तिच्यासाठी. मेशें हा अत्यंत काटेकोर निरीक्षक म्हणून प्रसिद्ध होता. १७९२-९३ च्या हिवाळ्यात त्याने बार्सिलोनाजवळच्या मोंजुइक किल्ल्यावरून ताऱ्यांचे वेध घेऊन अक्षांश काढला आणि तो पॅरिसला कळविला. पुढे पाण्याच्या एका पंपाच्या अपघातात तो जबर जखमी झाला. त्यातच स्पेन आणि फ्रान्स यांच्यात युद्ध पेटले आणि तो बार्सिलोनात अडकून पडला. किल्ल्यावर जाण्याची बंदी झाली, तेव्हा वेळ घालविण्यासाठी त्याने आपण उतरलो होतो त्या खाणावळीवरून पुन्हा वेध घेतले. किल्ला आणि खाणावळ यांतील अंतर त्याला ठाऊक होते. दोन्ही उत्तरे जुळावयास हवी होती. ती जुळली नाहीत. फरक सुमारे तीन विकलांचा पडला. विकला म्हणजे अंशाचा छत्तीसशेवा भाग. जमिनीवर तीन विकला म्हणजे नव्वद-पंच्याण्णव मीटर.

हा फरक त्याने कोणालाही सांगितला नाही. किल्ल्यावरचा आकडा तेवढा पुढे गेला. त्यानंतरची वर्षे मेशेंने विलक्षण मनस्तापात काढली. तो परत यावयास टाळाटाळ करी, दक्षिणेतच रेंगाळे, मोजून झालेले कोन पुन्हा मोजी. १७९८-९९ साली निरनिराळ्या देशांचे प्रतिनिधी पॅरिसला जमले तेव्हा दलांब्रने आपल्या मूळ वह्या त्यांच्यापुढे ठेवल्या. मेशेंने मात्र स्वच्छ लिहिलेला गोषवारा दिला. प्रतिनिधींना त्याच्या आकड्यांची सफाई फार आवडली.

मीटर ठरला. फ्रान्सच्या जुन्या ‘लीन्य’ या मापात तो ४४३.२९६ लीन्य भरला, आणि त्या लांबीची प्लॅटिनमची पट्टी २२ जून १७९९ रोजी दप्तरखान्यात ठेवण्यात आली. मेशेंला चैन नव्हते. मोजणी बार्सिलोनाच्याही दक्षिणेस भूमध्य समुद्रातील बेटांपर्यंत नेली तर बार्सिलोनाच्या अक्षांशाची गरजच उरणार नाही, या आशेने तो १८०३ साली पुन्हा स्पेनला गेला. तेथेच त्याला पीतज्वराने गाठले आणि १८०४ च्या सप्टेंबरात कास्तेय्योन येथे तो वारला. त्याचे सुटे कागद दलांब्रच्या हाती आले, तेव्हा कोठे अकरा वर्षे झाकलेला तो फरक उघडकीस आला. दलांब्रने ते कागद नष्ट केले नाहीत. आकडे तपासून त्याने मोजणीचा ग्रंथ छापला आणि मूळ कागद पॅरिसच्या वेधशाळेत ठेवून दिले.

मेशें दोषी होता काय? लपविणे हा दोष खराच. पण चुकीचा दोष त्याच्याकडे जात नाही. १८२८ साली निकोले नावाच्या ज्योतिष्याने तेच वेध पुन्हा मांडून पाहिले. डोक्यावरच्या बिंदूच्या उत्तरेचे तारे आणि दक्षिणेचे तारे सारख्या तोलाने धरले असता तो फरक जवळजवळ नाहीसा होतो असे त्याला आढळले. उपकरणातला एक बारीक दोष दोन्ही बाजूंना उलटसुलट पडतो. मेशेंने दोन्ही बाजूंचे तारे समतोल घेतले नव्हते, एवढेच. त्या काळी निरीक्षकाची चूक आणि निरीक्षणातील अपरिहार्य अनिश्चितता यांतील भेद स्पष्ट झालेला नव्हता. पुढच्या पिढीत तो झाला आणि अनिश्चितता लपविण्याऐवजी आकड्याबरोबर लिहून देण्याचा प्रघात पडला. मेशें तीस वर्षे उशिरा जन्मला असता तर बहुधा शांत झोपला असता.

आणि एवढे सारे होऊन मीटर चुकला तो चुकलाच. आजच्या मोजणीप्रमाणे ध्रुव ते विषुववृत्त हे अंतर एक कोटी मीटर नसून सुमारे १,००,०१,९६६ मीटर आहे. म्हणजे मीटर जवळजवळ ०.२ मिलिमीटरने आखूड राहिला. कारण पृथ्वी ध्रुवांकडे किती चपटी आहे याचा त्यांचा अंदाज चुकला होता. त्यांनी ते चपटेपण १/३३४ धरले, वस्तुतः ते १/२९८ च्या आसपास आहे. यातील विनोद असा की जुन्याच मोजणीवरून १७९३ साली घाईने जो तात्पुरता मीटर केला होता तो ४४३.४४ लीन्यांचा होता, आणि खऱ्या मापाला सात वर्षांच्या कष्टांनी काढलेल्या मीटरपेक्षा तोच अधिक जवळचा होता.

पृथ्वीचा आकार नेमका कसा हे कळण्यासाठी दूरदूरच्या देशांत वृत्तखंड मोजावे लागणार होते. त्यांतला एक अतिशय लांब खंड आपल्याकडचा. १८०२ साली विल्यम लँब्टन याने मद्रासजवळ आधाररेषा मोजून कामास प्रारंभ केला. त्याच्याजवळची शंभर फुटी पोलादी साखळी मुळात चीनच्या बादशहाला नजर करण्यासाठी नेलेल्या वस्तूंपैकी होती. तेथे तिचा उपयोग झाला नाही आणि ती हिंदुस्थानात येऊन विकली गेली. इंग्लंडहून निघालेले त्याचे मोठे कोनमापक यंत्र वाटेत फ्रेंच लढाऊ जहाजाने पकडून मॉरिशसला नेले. पण यंत्र कशासाठी आहे हे कळताच तेथील फ्रेंच अंमलदाराने ते मद्रासला पाठवून दिले. ७८ रेखांशाच्या आसपासची ही मोजणी उत्तरेकडे सरकत बीदरपाशी आली, पुढे वऱ्हाडाकडे वळली. हैदराबादेहून नागपूरकडे जात असता २० जानेवारी १८२३ रोजी लँब्टन वर्धेजवळ हिंगणघाट येथे वारला. त्याची समाधी तेथेच आहे. पुढे काम एव्हरेस्टने नेले, आणि एकोणिसाव्या शतकात पृथ्वीच्या आकाराची जी गणिते झाली त्यांत या हिंदी वृत्तखंडाचे आकडे धरलेले आहेत. मीटर आखूड आहे हे जगाला ज्या मोजण्यांवरून कळले त्यांत हिंगणघाटच्या वाटेवर रोवलेल्या निशाणांचाही भाग आहे.

चूक कळली, पण दुरुस्त केली नाही. तोवर मीटर बाजारात, कायद्यात, कारखान्यात रुजला होता. १८७५ च्या २० मे रोजी सतरा राष्ट्रांनी पॅरिसला मीटरचा करार केला. (गोव्यातील वाचकांनी लक्षात घ्यावे की त्या सतरांत पोर्तुगाल होता आणि ब्रिटन नव्हता, तो १८८४ साली आला.) नवी पट्टी प्लॅटिनम-इरिडियमची करताना ती पृथ्वीशी ताडून पाहिली नाही, १७९९ च्या पट्टीशी ताडून पाहिली. १८८९ पासून मीटर म्हणजे पॅरिसजवळच्या सेव्र येथील एका दांड्यावरच्या दोन रेघांमधील अंतर, आणि किलोग्रॅम म्हणजे तेथल्याच तळघरातील ३९ मिलिमीटर उंचीचा आणि तेवढ्याच व्यासाचा एक दंडगोल. निसर्गाचे माप घ्यावयास निघालेले लोक शतकाच्या अखेरीस पुन्हा एका कोठारातील वस्तूपाशी येऊन थांबले. फरक एवढाच की कोठाराला तीन किल्ल्या होत्या आणि त्या तीन निरनिराळ्या माणसांकडे असत.

मीमांसकांचे स्वतःप्रामाण्य जर कोठे मूर्तिमंत पाहावयाचे असेल तर ते या दंडगोलात. त्याच्या प्रती निरनिराळ्या देशांना दिल्या होत्या. १९५६ साली आपल्याकडे मापांचा कायदा झाला, पुढल्या वर्षी नवे पैसे आले, आणि सत्तावन्न क्रमांकाची प्रत दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत आली. १८३३ च्या नियमाने एका रुपयाच्या वजनाचा, म्हणजे १८० ग्रेनचा, तोळा ठरला होता. ऐंशी तोळ्यांचा शेर आणि चाळीस शेरांचा मण हा सरकारी हिशेब त्यावर उभा होता. तो संपून किलो आला. १९८८ नंतर सेव्रला सर्व प्रती एकत्र तोलल्या तेव्हा असे दिसले की शंभर वर्षांत मूळ दंडगोल आणि त्याच्या प्रती यांत सरासरी ५० मायक्रोग्रॅमचा फरक पडला आहे. बोटाच्या ठशाने जेवढे वजन वाढेल तेवढा हा फरक. पण चुकले कोण? व्याख्येप्रमाणे दंडगोल चुकूच शकत नव्हता. तो झिजला असेल तर तो हलका झाला असे म्हणता येत नव्हते. बाकीचे सारे विश्व जड झाले असेच म्हणावे लागत होते.

यातून सुटण्याची वाट मॅक्सवेलने १८७० सालीच दाखविली होती. पृथ्वी आक्रसेल, तिचा दिवस लांबेल. पण एका जातीचा अणू कोठेही आणि केव्हाही तसाच असतो, तेव्हा कायमचे माप अणूंत शोधावे, असे त्याचे म्हणणे होते. १९६० साली मीटरची व्याख्या क्रिप्टॉन वायूच्या नारिंगी प्रकाशाच्या १६,५०,७६३.७३ तरंगलांबींवर बसविली, १९६७ साली सेकंदाची व्याख्या सीझियम अणूच्या ९,१९,२६,३१,७७० दोलनांवर. हे आकडेही गुळगुळीत का नाहीत ते आता वाचकांच्या ध्यानी येईल. क्रिप्टॉनच्या लहरी इतक्याच का, तर तेवढ्यांनी सेव्रचा दांडा भरतो म्हणून. सीझियमची दोलने इतकीच का, तर जुन्या ज्योतिर्गणितातील सेकंद तेवढ्याने भरतो म्हणून. आणि तो सेकंद १८२० च्या सुमारास दिवस जेवढा होता त्याचा ८६,४०० वा भाग आहे.

प्रकाशाच्या वेगाचेही असेच झाले. १६७६ साली रोमर याने गुरूच्या चंद्राच्या ग्रहणांना होणाऱ्या उशिरावरून प्रकाशाला प्रवासास वेळ लागतो हे दाखविले. फिझो, फूको, मायकेलसन यांनी तो वेग उत्तरोत्तर अधिक बारकाईने मोजला. १९७२ साली लेसरच्या साह्याने ही मोजणी इतकी नेमकी झाली की आता प्रकाशाच्या वेगापेक्षा मीटरच अधिक संशयास्पद ठरला. मोजपट्टीच जर मोजावयाच्या वस्तूहून ओबडधोबड असेल तर दोघांच्या जागा बदलणे शहाणपणाचे. १९८३ साली तसे केले. प्रकाशाचा वेग २९,९७,९२,४५८ मीटर असा कायमचा मुक्रर केला, आणि सेकंदाच्या एवढ्याव्या भागात प्रकाश जितका जातो तितका मीटर असे ठरले. त्या दिवसापासून प्रकाशाचा वेग मोजणे हा शब्दप्रयोगच निरर्थक झाला. मोजला तर मीटर मोजला जातो.

तीस कोटी हा आकडा का घेतला नाही याचे उत्तर येथे मिळते. तो घेतला असता तर मीटर सुमारे ०.७ मिलिमीटरने आखूड झाला असता, आणि जगातील प्रत्येक पट्टी, प्रत्येक स्क्रू, प्रत्येक नकाशा चुकीचा ठरला असता. म्हणून १७९९ च्या पट्टीची लांबी जशीच्या तशी पुढे आणावी लागली. पृथ्वीच्या चपटेपणाचा चुकलेला अंदाज त्या नऊ अंकांत आहे, आणि मेशेंच्या तीन विकलांचा काही अंशही त्यात आहे. तो वेगळा काढून दाखविता येणार नाही, इतकेच.

किलोग्रॅमचा निकाल १६ नोव्हेंबर २०१८ रोजी व्हर्सायच्या सभेत लागला. प्लांकचा स्थिरांक ६.६२६०७०१५ × १०⁻³⁴ ज्यूल-सेकंद असा बांधून टाकला आणि किलोग्रॅम त्यावरून काढावयाचा असे ठरले. यासाठी लागणारा विजेचा तराजू किबल या इंग्रज शास्त्रज्ञाने १९७५ साली सुचविला होता. व्हर्सायची सभा पाहण्यास तो हयात नव्हता. नवी व्याख्या २० मे २०१९ पासून, म्हणजे मीटरच्या कराराच्या वाढदिवशी, अमलात आली. आता कोणत्याही देशातील सुसज्ज प्रयोगशाळेला किलोग्रॅम स्वतः सिद्ध करता येतो. अर्थात सुसज्ज प्रयोगशाळा किती देशांत आहेत हा प्रश्न वेगळा. पेठेतला दुकानदार आजही निरीक्षकाचा शिक्का पाहूनच वजन ठेवतो.

सेव्रचा दंडगोल काचेच्या आवरणांखाली अजून तेथेच आहे. १८८९ पासून १३० वर्षे त्याचे वजन बरोबर एक किलोग्रॅम होते, त्यात अधिक-उणे असे काही नव्हते. आता त्याला तराजूत घालून तोलतात, आणि जो आकडा येतो त्यापुढे अनिश्चितता लिहितात.